जितियाचं तेल

लालमाटी इस्पितळ, चपलांचा कारखाना
आसिन, संवत २०५२

सोनमती बुच्ची,

तू माझ्या नावाने वाहिलेलं तेल मला पोचलं.

जैबुन कासारणीने सांगितलं. जितियाच्या आदल्या दिवशी ती तुझ्या सासरी, बेलापट्टीत, लाखेच्या बांगड्या भरायला गेली होती. तुमच्या अंगणात तुझ्या सासूने दोडक्याची पानं मांडली, त्यांवर तेल आणि पेंड ठेवून आपल्या मेलेल्या सासूला वाहिली, आजेसासूला वाहिली. मग तुला म्हणाली, "सूनबाई, तुला दिवस गेलेत, आज तुझ्या आईलाही वाह. तिला तेल घालायला तुझ्याशिवाय कोण आहे?" तू पान घेतलंस आणि तेल घातलंस. हात अडला नाही, असं जैबुन म्हणाली. पान कोणत्या हातात धरलं होतं, तेही मी विचारलं. तशी ती वैतागली. "तेतरी, तू आई आहेस की फौजदार?"

त्याच दिवशी मी इथे नाचणीची भाकरी खाऊन दुसऱ्या दिवशीचा जितियाचा उपास धरला होता. दरवर्षी धरते. लेकराला आयुष्य मिळावं म्हणून पाण्याचा थेंब न घेता काढायचा उपास. मी तुझ्यासाठी आयुष्य मागत होते आणि तू मला मेलेल्यांच्या रांगेत तेल घालत होतीस. यात तुझा दोष मी धरत नाही. आईबाप दोघं गेले, मुलगी मामाने वाढवली, असं तुझ्या सोगारथमामाने सांगितलं म्हणून तुला चांगलं घर मिळालं. लग्नाआधी तू निरोप धाडलास, "माय, येऊ नकोस आणि लिहू नकोस." मी आले नाही. वरात हमरस्त्याने गेली तेव्हा कारखान्याच्या दारात उभी होते, पण तो रस्ता सगळ्यांचाच आहे.

आज लिहिते आहे ते तुझ्या पोटातल्या बाळामुळे. नाहीतर लिहिलं नसतं.

तू अकरा वर्षांची असताना तुझ्या डाव्या दंडावरचा चट्टा एका आठवड्यात लाल होऊन सुजला होता. आठवतं? तांबड्या-काळ्या गोळ्या सुरू होऊन थोडेच महिने झाले होते. सगळे म्हणाले, औषधाने पोरीला बाधलं. तूही गोळ्या थुंकायला लागलीस. तेव्हा बिष्णुमाया दिदीने, तीच जी हात तपासते, आपल्याला समोर बसवून समजावलं होतं. तुला त्या वयात कळलं नसेल, म्हणून मी पुन्हा सांगते. आता मला तिच्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येतं.

आपल्या गावात दरोडेखोर आला की ढोल वाजतो आणि सगळे लाठ्या घेऊन धावतात. समज, तो एका घरात लपला आणि औषधाने तिथेच मेला. गावाला ते कळत नाही. गाव घरात घुसतं, लाठ्या मारत राहतं, भिंती पडतात. दरोडेखोर मेलेलाच असतो, पण घर जातं. आपल्या आजाराचा, महारोगाचा, किडा नसेत लपतो. कोपरामागची नस, गुडघ्याजवळची नस, ही त्याची घरं. औषधाने तो मरतो. मग अंगातलं गाव जागं होतं आणि त्या मेलेल्यावर तुटून पडतं. हात वाकडा होतो तो त्या मारामारीत.

तू दोन वर्षं गोळ्या पुऱ्या केल्यास. तू बरी आहेस. तुझ्यापासून कोणाला काही होणार नाही, बाळालाही नाही. पण त्या मेलेल्या किड्यांची प्रेतं अजून नसेत पडून असतात. पोटात बाळ असताना अंग आपल्या लाठ्या खाली ठेवतं, आतल्या जिवाला लागू नये म्हणून. बाळंत झालं की पुन्हा उचलतं. इथे अशा बायका येतात, तान्हं मूल कडेवर आणि हात लुळा. घरचे म्हणतात बाळंतवात आहे, तेलाने चोळा. चोळण्यात महिने जातात. मग आमच्याकडे उपाय उरत नाही.

म्हणून बाळंतपणानंतर डाव्या हाताकडे लक्ष ठेव. कोपर दुखलं, करंगळी बधिर झाली, जुना चट्टा लाल झाला, तर लगेच ये. मला भेटू नकोस हवं तर. दुसऱ्या दाराने ये, गोळ्या घे, जा.

अक्षर कळत नसेल तर रागावू नकोस. तूच वॉर्डातल्या खाटेवर बसून शिकवलेलं आहे. त्यानंतर हाती पडेल ते वाचत आले, पुडीचा कागदसुद्धा, पण लिहायला माणूस नव्हतं.

ही चिठ्ठी वाचून चुलीत घाल.

तुझी माय


लालमाटी
अगहन, २०५२

सोनमती,

जैबुन आली तेव्हा मी चपलांचे पट्टे कापत होते. ती बसली, आधी पाणी मागितलं, मग चहा मागितला, मग पानाला चुना लावत राहिली. मी म्हटलं, "बोल की." ती म्हणाली, "तुझी लेक हुशार आहे, तुझ्यावर गेलेली नाही."

तिने सगळं सांगितलं. बांगड्यांच्या गवतातून तू कागद काढलास तेव्हा सासू समोरच तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कसला कागद?" तू न अडखळता म्हणालीस, "माझ्या मावशीचा. कासारणीच्या वाटेवर राहते." सासू म्हणाली, "मावशी आहे? मग लग्नात कुठे होती?" तू म्हणालीस, "आजारी होती."

तर आता मी तुझी मावशी. मला आवडलं. आसिनात मेलेली होते, अगहनात मावशी झाले. माणूस हळूहळूच वर येतो.

तू तोंडी एकच निरोप धाडलास, "मावशीला म्हणावं, मी पाहते आहे." काय पाहतेस ते जैबुनला कळलं नाही. मला कळलं. त्या दिवशी मी पट्टे उलटे कापले आणि मुकादमाची बोलणी खाल्ली.

हात कसा पाहायचा ते लिहिते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यात विड्याचं पान धर. बोटं सरळ ठेव, वाकवू नकोस. दुसऱ्या हाताने पान ओढ. उजव्या हाताला जितका जोर लागतो तितकाच डाव्याला लागला पाहिजे. पान सहज निसटलं तर समज. दुसरं, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथे बोट फिरव. नस सुतळीसारखी लागली तर ठीक. दोरखंडासारखी लागली आणि दाबल्यावर डोळ्यांत पाणी आलं तर थांबू नकोस.

बाळंतखोलीत शेगडी ठेवतील. शेकायचा कपडा डाव्या हाताने गरम आहे का बघू नकोस. उजव्याने बघ, नाहीतर गालाला लावून बघ.

तुझ्या बाबाचं लिहू की नको असं झालं होतं. लिहिते. त्याचं दुखणं तुझ्याहून निराळं होतं. त्याला ताप यायचा, अंगभर लाल दुखऱ्या गाठी उठायच्या, डोळे लाल व्हायचे. तेही मेलेल्या किड्यांचंच भांडण, पण त्याचं एकदा मिटलं की पुन्हा सुरू व्हायचं, वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "आजार परत आला, तेतरी. हे लोक खोटं बोलतात." मी म्हणायचे, "आजार गेला, त्याची वरात अजून रस्त्यात आहे." तो हसायचा आणि गोळ्या गादीखाली ठेवायचा. जायच्या आधी त्याचे दोन्ही पंजे वळले. पेला मनगटांत धरून पाणी प्यायचा, ते तू पाहिलं आहेस. तू मामाकडे गेल्यावर त्याने मला एकदाही विचारलं नाही की पोरगी कधी येणार. फक्त शाळा सुटायच्या वेळेला फाटकाकडे तोंड करून बसायचा. म्हणून मी तिथून हलले नाही. तुला वाटलं मी तुझ्याऐवजी इस्पितळ निवडलं. सोगारथ तुला ठेवून घ्यायला तयार होता, मला नाही, आणि तुझ्या बाबाला पेला धरून द्यायला कोणी नव्हतं. एवढंच होतं.

मागच्या आठवड्यात सोगारथकडे गेले होते. गोठ्याच्या बाजूने, भावजयीला दिसणार नाही अशी. म्हटलं, बाळंतपणानंतर हात दुखला तर माहेरपणाच्या निमित्ताने पोरीला तू आण, इस्पितळात मी नेईन. तो म्हशीला पेंड घालत होता, मान वर केली नाही. "ताई, तू मेलीस हे मी चार गावांत सांगितलंय. लोक तुझ्या तेराव्याचं जेवण मागत नाहीत हेच नशीब. आता तू उठून फिरायला लागलीस तर माझ्या पोरीला कोण पसंत करेल?" मी म्हटलं, "खरं आहे." निघताना त्याने गमछ्यात पोहे बांधून दिले. नवीन धानाचे होते. लहानपणीही तो असाच होता, आधी मारायचा आणि मग आपला गूळ द्यायचा.

तेव्हा मामाच्या भरवशावर राहू नकोस. पान धरून पाहत जा.

तुझी मावशी


लालमाटी
चैत, २०५२

सोनमती,

मुलगी झाली.

जैबुन सहाव्या दिवशी तुमच्याकडे होती आणि तिथून सरळ माझ्याकडे आली. मी विचारायच्या आधी म्हणाली, "नाक तुझं. बिचारीचं नशीब." रंग विचारला तर म्हणे सहा दिवसांचं मूल लालच असतं. केस विचारले तर म्हणे आहेत. किती? "मोजायला बसले नव्हते बाई."

मी पाठवलेल्या गोधडीवर तिला निजवलं आहे हे ऐकलं. ती माझ्या तीन साड्यांची आहे. वरची हिरवी तू ओळखली असशील. खालची, आत गेलेली, माझ्या लग्नाची आहे. जुन्या लुगड्याची गोधडी तान्ह्याला घालावी, म्हणजे जुन्या माणसाचं आयुष्य त्याला लागतं असं म्हणतात. माझं आयुष्य लागू दे की नको याचा मी विचार केला. मग म्हटलं, लागू दे. लांब तरी आहे. जैबुन म्हणाली, "पोर तुझ्या लग्नाच्या साडीवर दिवसातून दहा वेळा मुततं. एवढा मान तुला सासरीही मिळाला नव्हता."

तू मुलीला नुनी म्हणतेस. तुलाही मी तेच म्हणत होते, चालायला लागेपर्यंत. तू ते आठवून म्हणतेस की सगळ्याच आया म्हणतात म्हणून, ते मला ठाऊक नाही. विचारतही नाही.

आमचे जावई जीबछबाबू गव्हाच्या कापणीला पंजाबला गेले असं कळलं. सासूने मुलगी म्हणून तोंड वाकडं केलं का? जैबुन म्हणते, नाही, उलट दाई "पुढच्या वेळी मुलगा" म्हणाली तेव्हा तिला म्हणाली, "आधी या खेपेचं तुझं लुगडं घे आणि नीघ." मला ही बाई थोडी कळायला लागली आहे.

हात चांगला आहे ना? जैबुनने तुझ्यासमोर विड्याचं पान ठेवलं आणि तू दोन बोटांत धरून दाखवलंस, सुटलं नाही. सासूला वाटलं तुम्ही दोघी खेळताय. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस. अजून अंगाने लाठी उचललेली नाही.

रोज दुपारी जेवणाच्या सुटीत मी फाटकाशी बसते. मला आता कळतं तुझा बाबा तिकडे तोंड करून काय बघत होता. तिथून काही दिसत नाही. फक्त रस्ता दिसतो.

मावशी


लालमाटी
जेठ, २०५३

सोनमती,

चिठ्ठी न्यायला आता कोणी नाही. तुझ्या सासूने जैबुनला घराबाहेर काढलं.

तुला वाटत असेल कासारणीने भाजलं. तसं नाही. जैबुन माझ्याकडे येऊन बसली, पान खाल्लं नाही, चहा मागितला नाही. म्हणाली, "तेतरी, मी सारा जन्म बायकांच्या 'उई'वर धंदा केला. लाख गरम करते, हातावर चढवते आणि बाई 'उई' म्हणाली की थांबते, फुंकते, फिरवते. प्रत्येकीचं 'उई' वेगळं असतं. तुझी लेक पोर बघत बसली होती. मी उजवा भरला, तिने हात ओढला, आम्ही हसलो. मग डावा घेतला. बांगडी करंगळीच्या बाजूने टेकली. मी वाट पाहत राहिले. ती काहीच म्हणाली नाही. मला वाटलं लाख निवली. काढली तर खाली फोड."

सासूने फोड पाहिला आणि तोंड सोडलं. जैबुनने दोष आपल्यावर घेतला. "मी काय सांगणार होते?" मला म्हणाली. "लाख चांगली आहे, तुमच्या सुनेचा हात निवला आहे, असं? मी म्हटलं, चुकलं बाई, डोळ्यांना दिसत नाही हल्ली." आता बेलापट्टीत तिच्याकडून कोणी बांगडी भरून घेणार नाही. ते गाव तिच्या सासूपासून तिच्याकडे होतं. मी हात जोडले तर चिडली. "जोडू नकोस, तुझ्या पोरीचे जोडता येतात तोवर धाव."

दंडावरचा चट्टा लाल आहे, हेही तिने पाहिलं. नुनीला घेताना तू डावं कोपर अंगाशी धरतेस. म्हणजे दुखतं आहे, आणि तू पाहते आहेस, आणि सांगायला कोणी नाही.

मी बिष्णुमाया दिदीला सगळं सांगितलं. म्हटलं, गोळ्या द्या, मी पोचवते. ती नाही म्हणाली. "या गोळ्या अंगातलं भांडण शांत करतात, पण किती द्यायच्या ते हात पाहून ठरतं, आणि हळूहळू कमी कराव्या लागतात. तिला आण. आत्ता आणलीस तर हात परत येईल. दसऱ्याला आणलीस तर मी फक्त व्यायाम शिकवीन."

म्हणून ही चिठ्ठी घेऊन मीच येते आहे. तू नको म्हणाली होतीस. मावशीला नको म्हणाली नव्हतीस. दही, पोहे, केळी आणि नुनीला झबलं घेते, मावशीने आणावं तेवढं. इस्पितळाच्या चपला काढून ठेवीन, त्या काळ्या जाड रबराच्या चपला सगळा जिल्हा ओळखतो. अनवाणी येते. तुझ्यासमोर रडणार नाही, एवढी खात्री बाळग. मी सराव केला आहे.

मावशी


लालमाटी
भादो, २०५३

सोनमती,

तू सासरी परत गेलीस आणि वॉर्डातली तुझी खाट आता एका म्हातारीला दिली आहे. मी तिकडून जात नाही, वळसा घालते.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. तू इथे होतीस तेव्हा सांगणार होते, पण रोज वाटायचं उद्या सांगू. मी तुमच्याकडे आले त्या दिवशी तू आत नुनीला पाजत होतीस आणि बाहेर ओट्यावर तुझ्या सासूने माझे पाय धुतले. तुला वाटलं तिने तुला माझ्याबरोबर सहज सोडलं. ऐक.

तिने परात पुढे ठेवली, लोटा घेतला आणि पाणी घालता घालता विचारलं, "मावशी, तुमची बहीण कशाने गेली?"

मी म्हटलं, "हगवणीने."

"सोगारथबाबू तर तापाने म्हणाले होते."

"आधी हगवण लागली, मग ताप आला."

"बरं. म्हणजे मरायची घाई नव्हती."

मी हसले. माझ्याच मरणावर हसायची ती पहिलीच वेळ. तिने माझ्या पायावरची धूळ अंगठ्याने चोळून काढली आणि तिचा हात थांबला. मी खाली पाहिलं. उन्हाने काळ्या पडलेल्या पायांवर दोन आडवे पांढरे पट्टे आणि टाचेमागे एक. इतकी वर्षं त्या चपला घातल्या. अनवाणी आले तरी त्या पायात होत्याच. हवाई चपलेचे पट्टे असे उठत नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

तिने लोटा खाली ठेवला नाही. पाणी घालत राहिली. मग हळू म्हणाली, "सखुआला, माझ्या माहेरी, एक काका होते. त्यांना गोठ्यात ठेवलं होतं. ताटली काठीने सरकवायची. ते काम माझ्याकडे होतं."

मी म्हटलं, "तेव्हा औषध नव्हतं."

"आता आहे?"

"आहे. आणि तिने ते पुरं केलंय. आजार कधीच मेला, बाई. हे त्याच्यामागचं भांडण आहे. अंगच अंगाशी भांडतं. बाळंतपणाने जागं झालं."

"पोरीला लागेल?"

"नाही."

"जीबछला?"

"नाही. आजच्या आज तुम्ही तिच्या ताटात जेवलात तरी नाही."

"हात वाकडा होईल?"

"आत्ता नेला तर नाही होणार. राहिला तर होईल."

तिने लोटा खाली ठेवला. आतून नुनीच्या चोखण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही बाई उठेल, परात उलटी करेल आणि तुझं सामान अंगणात येईल. मी आलेच नसते तर बरं झालं असतं, असंही त्या एका क्षणी वाटून गेलं. मग ती म्हणाली, "कासारणीला मी नको ते बोलले."

"ती रागावलेली नाही."

"रागावली असेल. मी असते तर रागावले असते. तिला म्हणावं, सखुआवालीचे हात मोकळे आहेत, भरायला ये." आणि पदराने माझे पाय पुसले. "आंब्याचे दिवस आहेत. मावशी सुनेला माहेरपणाला नेते म्हणून सांगते घरात. आमच्या यांना काही बोलू नका, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि तुम्ही मावशी म्हणून आलात, मावशीच राहा. मेलेली बाई परत आली तर गाव विचारतं, इतके दिवस कुठे होती. त्याचं उत्तर माझ्या घराला परवडणार नाही."

मी म्हटलं, "मावशीच राहीन."

तू नुनीला घेऊन बाहेर आलीस, आपण निघालो. तू पुढे होतीस. दाराशी ती माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "विहीणबाई, पायांना चिखल लावून जा. पट्टे दिसतात."

तिने मला विहीणबाई म्हटलं. एकदाच. मी हातपंपाजवळ थांबून पाय चिखलात बुडवले, तेव्हा तू विचारलंस, "मावशी, काय करतेस?" मी म्हटलं, पाय जळतात.

वॉर्डातही तू मला मावशीच म्हणत राहिलीस. तिथे ऐकायला बेलापट्टीचं कोणी नव्हतं, पण जिभेला वळण पडलं असेल, मी टोकलं नाही. पहिल्या दिवशी बिष्णुमाया दिदीने कोपरामागची नस दाबली तेव्हा मात्र तू ओरडलीस, "आई गं." दुखलं की सगळेच ते म्हणतात. परवा तर शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला. तरी मी ते ठेवून घेतलं आहे.

गोळ्यांनी तुझा चेहरा चंद्रासारखा गोल झाला आहे. तो गोळ्यांचा गुण आहे, कमी झाल्या की उतरेल. जैबुन सांगत होती, तुझा सासरा अंगणात म्हणाला, "मावशीकडे जाऊन सुनेचे गाल आले, दरवर्षी पाठवत जा." सासूने म्हणे तोंडाला पदर लावला.

शेवटचं पाकीट संपेपर्यंत गोळी चुकवू नकोस. बरं वाटतं म्हणून सोडू नकोस. तुझा बाबा तसंच करायचा.

मावशी


लालमाटी
आसिन, २०५३

सोनमती बुच्ची,

परवा जितिया. यंदा तूही उपास धरशील, नुनीसाठी. पहिला उपास जड जातो. आदल्या रात्री नाचणीची भाकरी पोटभर खा, अंगावर पाजतेस. गोळी उपासाच्या आधी घे, उपास सोडल्यावर घे, पण घे. देवाला चालतं, मी विचारलं आहे.

तू जैबुनकडून विचारलंस की या वर्षी तेलाचं काय करू. सासू पानं मांडेल, शेजारणी असतील, आणि आता तुझ्याने हात उचलवणार नाही, असं म्हणालीस. जिवंत माणसाला कसं वाहू, म्हणालीस. हे तू म्हणालीस हे मी जैबुनकडून चार वेळा वदवून घेतलं. तिने चौथ्या वेळी पैसे मागितले.

वाह, बुच्ची. न वाहिलंस तर शेजारणी विचारतील. आणि सखुआवालीला मी शब्द दिला आहे. मी वर्षातून दोनदा मावशी होऊन येईन, दही आणीन, नुनीच्या केसांना तेल लावीन, संध्याकाळच्या बसने परत जाईन. नुनीने मोठी होऊन 'ही कोण' विचारलं तर मी गोधडीवाली आजी आहे. आई म्हणून मला तुझ्या घरात कुठे बसता येत नाही. मेलेली म्हणून येतं, त्या पानावर. तेवढी जागा तू मोडू नकोस. सगळं वर्ष मी मावशी असते. त्या एका सकाळी तू तेल घालताना आईचं नाव घेतेस, आणि ती मी असते.

एवढंच कर. पान उजव्या हातात घेऊ नकोस. ते बाजूला ठेव आणि तेल आधी डाव्या हाताच्या खळग्यात घे. पाचही बोटं जुळव, करंगळी शेजारच्या बोटाला चिकटव, बिष्णुमाया दिदीने शिकवलं तसं. हळूहळू पानावर सोड. करंगळी अजून सैल असेल तर तेल फटीतून जमिनीवर गळेल. तसं झालं तर जैबुनला सांग, मी दिदीला विचारून ठेवीन.

गळलं नाही, तर मला पोचलं.

तुझी मावशी